बसण्याची हालचाल

पिवळ्या स्वेटरमधल्या बाई हसल्या नाहीत, इथवर ठीक होतं. हसण्याची काही सक्ती नसते. पण त्यांनी कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला, खुर्चीत मागे टेकल्या आणि त्या रिकाम्या खोलीत पडद्याकडे बघत म्हणाल्या, "त्या बाई इतकं म्हणतायत, तर हा बसत का नाही?" काचेच्या अलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्या त्याला हे अगदी कानाशी येऊन विचारल्यासारखं ऐकू आलं. उत्तर द्यायला त्याने तोंडही उघडलं. मग आठवलं की उत्तर द्यायचं नसतं. व्हिडिओ गेम बाजारात येण्याआधी बाहेरची, गेमच्या वाटेला कधी न गेलेली माणसं बोलवायची, एकेकाला त्या खोलीत बसवायचं आणि आपण काचेआडून बघायचं; कुठे अडतात, कुठे हसतात, कुठे जांभई देतात. मदत करायची नाही, खूण करायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. हा नियम त्यानेच घातला होता. आपला विनोद आपल्या डोळ्यांदेखत मरताना बघायचा आणि जागचं हलायचं नाही, अशी शिक्षा जो स्वतःलाच ठरवून देतो त्याचा स्वतःवर एकतर फार भरवसा असावा लागतो, नाहीतर फार संशय. त्याच्यापाशी दोन्ही होतं. कुठलं केव्हा वर येईल, हे मात्र त्याला अजून उमगलं नव्हतं.

"हिला खेळच कळलेला नाही," शेजारी बसलेला भागीदार म्हणाला. हा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. गोष्ट, विनोद, संवाद त्याचे आणि ते सगळं यंत्राच्या गळी उतरवायचं काम भागीदाराचं, अशी त्यांची पहिल्यापासूनची वाटणी. "हमखास जागा आहे ही. कालपर्यंत एकजण न हसता गेलेला नाही. पुढच्याला बोलावू का?" काचेपलीकडे बाईंनी हेडफोन पुन्हा चढवला होता आणि माऊस हातात घेतला होता. आता पुढे जातील, त्याला वाटलं. पण त्या पुढे गेल्या नाहीत. त्यांनी पडद्यावरच्या खुर्चीवर क्लिक केलं.

पडद्यावर शिडीवाला उभा होता. वीस वर्षांपूर्वी शेजाऱ्याकडून उसनी आणलेली शिडी परत करायला निघालेला एक सालस माणूस. शेजारी केव्हाच घर सोडून गेलेला, आणि हा खांद्यावर शिडी घेऊन पत्त्यामागून पत्ता शोधत हिंडतो, एवढीच गोष्ट. शिडी दारातून आत जात नाही, गेलीच तर बाहेर निघत नाही, वळला की मागे काहीतरी फुटतं. शेवटच्या घरात एक म्हातारी घरमालकीण टेबलाशी बसलेली असते. शेजाऱ्याचा खरा पत्ता तिच्यापाशी आहे. तिला खूश करायला खेळणारा पिशवीतली एकेक वस्तू पुढे करतो, साबण, हंस, बाटलीत भरलेलं धुकं, आणि म्हातारी प्रत्येक वस्तूला निराळा नकार देते. गेम लिहिणारा म्हणून त्याचं नाव झालं ते या नकारांवरच. बाकीच्यांच्या गेममध्ये चुकीची वस्तू चुकीच्या ठिकाणी वापरली की पात्रं एकच ठरलेलं वाक्य म्हणतात, "हे इथे चालणार नाही." त्याच्या गेममध्ये असं एकही वाक्य नसे. कुणालाही काहीही दाखवा, त्याचं त्याचं उत्तर मिळणारच. लोक मुद्दाम चुकत. जिंकायचं बाजूला ठेवून बोक्याला पावती दाखवत, आरशाला कात्री दाखवत, आणि हसून हसून लोळत. पिशवीतलं सगळं संपलं की म्हातारी शेवटी म्हणे, "मला काही नको रे. खरंच काही नको. तू नुसता बस थोडा वेळ." त्यावर शिडीवाला शिडीसकट गर्रकन वळे आणि शिडीचं टोक लागून फळीवरच्या बरण्या खाली येत. हमखास जागा ती हीच.

बाईंनी खुर्चीवर क्लिक केलं तेव्हा शिडीवाला म्हणाला, "खुर्ची उत्तम आहे, पण मी पडलो शिडीचा माणूस." पुन्हा केलं. "मी बसलो तर शिडीने कुठे बसायचं?" मग त्यांनी स्टुलावर करून पाहिलं, पलंगाच्या कडेवर, दाराच्या पायरीवर, शेवटी नुसत्या जमिनीवर. प्रत्येकाला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर चांगलं होतं. ती लिहिताना तो स्वतःशी हसलेला होता. पण रस्ता विचारावा आणि समोरच्याने किस्से सांगावेत, तसा चेहरा करून बाई ती उत्तरं ऐकत होत्या. रागावल्याही नव्हत्या. नेमून दिलेला वेळ संपेपर्यंत त्या शिडीवाल्याला बसवायचा प्रयत्न करत राहिल्या. "आपल्याकडे बसण्याची हालचाल आहे का?" त्याने भागीदाराला विचारलं. "कसली?" "शिडीवाला बसतो, अशी." भागीदाराने त्याच्याकडे वळून बघितलं. "कुठून असणार? चालणं आहे, चढणं आहे, वाकणं आहे, पडण्याचे तर चार प्रकार आहेत. बसणं तू करूच दिलं नाहीस. बसलेला माणूस विनोदी नसतो, म्हणालास." खरंच, म्हणाला होता. भर मीटिंगमध्ये म्हणाला होता, आणि हालचाली काढणाऱ्या मुलीने ते वाक्य कौतुकाने लिहून घेतलं होतं.

काहीतरी चुकलं होतं, पण काय, ते हाती लागेना. आभार मानून बाईंचा निरोप झाला, जिन्यापर्यंत त्यांना सोडायला तो स्वतः गेला. असं तो कधी जात नसे. "तुम्हाला ती शेवटची जागा कशी वाटली?" असं विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर होतं. बाई पायऱ्या उतरता उतरता आपण होऊनच म्हणाल्या, "छान आहे हो तुमचं. पण ती बाई खरंच दमलीय." आणि गेल्या. तो जिन्याच्या कठड्याला हात लावून उभा राहिला. ती बाई म्हणजे कोण? चित्रातली म्हातारी तर दमलेली काढलेली नव्हती. गुबगुबीत गालांची, टुणटुणीत म्हातारी होती ती. दमलेला असलाच तर आवाज. आणि आवाज त्याच्या बायकोचा होता.

तसा तो पहिल्यापासून तिचाच असे. भाड्याच्या खोलीत तो आणि भागीदार पहिला गेम करत होते तेव्हा नटांना द्यायला पैसे कुठले? कच्चं काम म्हणून तिनेच सगळे आवाज काढले होते. राजा ती, राजाची बकरी ती, तळमजल्यावर यायला नकार देणारी लिफ्टसुद्धा तीच. पुढे बरे दिवस आले, नट आले, आवाज बदलले, तरी कच्चा आवाज तिचाच घ्यायचा ही रीत राहिली. ती नसली की त्याला वाक्यं लिहिताना ऐकूच येत नसत. या वेळी तर सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की म्हातारीचा आवाज बदलू नका, यापेक्षा चांगला मिळायचा नाही. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आता मी कायमची म्हातारी." आणि दोघं हसले. दोघं हसले होते ना? त्याला तिचं हसू आठवेना. आपलं आठवत होतं.

आणि आज सकाळी. सकाळचं त्याला आत्ताच, जिन्यात, आठवायला नको होतं, पण आठवलं. ती डोळे तपासते. दूरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याने तिला बोलावलंय. लहान मुलांच्या डोळ्यांचा निराळा विभाग उभा करायचाय, दोन वर्षं राहावं लागेल. हे त्याला कधीपासून ठाऊक होतं. म्हणजे सांगितलेलं होतं, आणि सांगितलेलं ठाऊक असतंच असं नाही. आज सकाळी ती दारात बुटाची नाडी बांधत म्हणाली, "त्यांना उद्यापर्यंत कळवायचंय. मी जाऊ का?" त्यावर तो म्हणाला, "जा की. फक्त जाताना शिडी परत करून जा." चांगलं जमलं होतं. इतकं चांगलं की ती गेल्यावर त्याने ते फोनमध्ये टिपूनही ठेवलं, कुठेतरी वापरता येईल म्हणून. ती काय म्हणाली? काही म्हणाली असणारच. दार लागलं होतं एवढं नक्की. तिच्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिलं, हे तो जिन्यात उभा राहून आठवू लागला आणि त्याला दिसून आलं की दिलेलंच नाही. प्रश्न तिथेच दारात पडलेला होता, आणि तो त्याच्यावरून उडी मारून ऑफिसला आला होता. ती गेली तर? हा विचार त्याने आजवर केलाच नव्हता, कारण त्यात हसण्यासारखं काही सापडत नव्हतं.

हसण्यासारखं शोधायची खोड बाबांची. बाबा एका सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीत बसत. शाळा सुटल्यावर तो तिथे जाऊन त्यांच्या टेबलाखाली बसे, आणि वर बाबा दिवसभर लोकांना नाही म्हणत. नाही म्हणणं हीच त्यांची नोकरी होती. काम पलीकडच्या खिडकीत व्हायचं, किंवा उद्या, किंवा व्हायचंच नाही. पण ते असं काही नाही म्हणत की माणूस हसत परत जाई. "साहेब, माझं काम होईल ना?" "होईल की. माझ्या हातून नाही होणार, तेवढं तुमचं नशीब बरं." टेबलाखालून त्याला लोकांच्या चपला दिसत. आधी एका जागी घट्ट रोवलेल्या, मग हसण्याने सैल झालेल्या, मग वळलेल्या. काम झालेलं नसे, तरी चपला हलक्या पावलाने जात. ही जादू त्याने तिथे, त्या धुळीत बसून शिकून घेतली. पुढे मुलाखतींमध्ये तो हे रंगवून सांगे. तो सांगत नसे ते एवढंच की घरी आल्यावर बाबा बोलत नसत. दमलेत, आई म्हणे. हसवून हसवून कुणी दमतं, हे त्याला त्या वयात पटत नसे. शेवटच्या आजारात डॉक्टरने विचारलं, "कसं वाटतंय?" तर बाबा डोळे न उघडता म्हणाले, "पलीकडच्या खिडकीत विचारा." सगळे हसले. डॉक्टर हसला, नर्स हसली, भिंतीशी उभी असलेली आईसुद्धा हसली. त्या दिवसानंतर बाबा काही बोललेच नाहीत. हे वाक्य त्याने आपल्या दुसऱ्या गेममध्ये एका भुताच्या तोंडी घातलं आणि ते अमाप गाजलं. लोकांनी ते शर्टांवर छापून घेतलं. रस्त्यात कुणाच्या तरी छातीवर बाबांचं शेवटचं वाक्य यायचं, आणि त्याला अभिमानच वाटायचा. मग आज का असं वाटावं की त्या दिवशी बाबा विनोद करतच नव्हते? कदाचित त्यांना खरंच दुसऱ्या कुणीतरी विचारायला हवं होतं. मुलाने, उदाहरणार्थ.

तो साऊंडवाल्याच्या खोलीत गेला. भिंतींना काळा स्पंज लावलेली ती खोली त्याला एरवी आवडे, तिथे आपलाच आवाज जवळचा वाटतो. आज नुसतं कोंडल्यासारखं झालं. "म्हातारीचं शेवटचं वाक्य काढ," तो म्हणाला, "आणि त्याच्या आधीचंही. दोनदा म्हटलं होतं तिने." कारण ते वाक्य त्याने लिहिलेलं नव्हतं. हे आता, इतक्या महिन्यांनी, त्याला स्वच्छ आठवलं. सुट्टीची दुपार होती. ती कपड्यांच्या कपाटात माइक घेऊन बसली होती, कोटांच्या मधोमध, आवाज घुमू नये म्हणून. आणि तो बाहेर जमिनीवर लॅपटॉप घेऊन. तो वस्तूचं नाव सांगे, ती नकार वाचे. साबण. हंस. धुकं. कागद संपले तेव्हा तो म्हणाला, "अजून एक राहिलंय बहुतेक, थांब, घेऊन येतो," आणि उठला. तेवढ्यात कपाटातून आवाज आला, "मला काही नको रे. खरंच काही नको. तू नुसता बस थोडा वेळ." तो दाराच्या मुठीवर हात ठेवून खो खो हसत सुटला. म्हातारी उभीच राहिली होती डोळ्यांपुढे. इतके दिवस त्या पात्राला शेवट सापडत नव्हता, आणि हिने बसल्या बसल्या देऊन टाकला. "वा," तो म्हणाला होता, "पुन्हा एकदा. अगदी असंच." मग ते त्याने संहितेत टाईप केलं, आणि टाईप केलेलं वाक्य हळूहळू त्याचंच झालं. इतकं की कुणी स्तुती केली की तो मान लववून ती घेत असे.

साऊंडवाल्याने दोन्ही लावून दाखवली. पहिलं, मग दुसरं. पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. "सारखीच आहेत," साऊंडवाला म्हणाला. "पहिल्यावर तुमचं हसू पडलंय, म्हणून दुसरं घेतलं. बाकी तीळमात्र फरक नाही. वहिनींचं मानायला हवं." त्याला वाटलं होतं, ऐकलं की कळेल. एक खरं असेल, एक नाटकातलं, आणि कान काही बहिरे नाहीत आपले. उभं आयुष्य वाक्यं कानाने तोलण्यात गेलंय. पण खरोखरच फरक नव्हता. तोच मधला श्वास, 'नुसता'वर तोच किंचित भार. मग दोन्ही खरी होती, की दोन्ही नाटकातली? आणि ही जर सारखी, तर लिफ्ट, बकरी, राजा, त्या सगळ्यांत ती कुठे कुठे होती? त्याला एकदम तिची तपासणीची खोली आठवली. पहिल्यांदा भेटले ते तिथेच. तो चष्म्याचा नंबर काढायला गेला होता आणि भिंतीवरच्या प्रत्येक अक्षरावर कोट्या करत होता. ती थांबून म्हणाली, "तुमचं झालं की सांगा, मग मी पुढची काच लावते." इतक्या शांतपणे त्याला कुणी गप्प केलं नव्हतं. मग तिने एक काच लावली, ती फिरवली. "पहिलं स्पष्ट की दुसरं?" दुसरं. "आता? पहिलं की दुसरं?" शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला होता, मला आता दोन्ही सारखंच दिसतंय, मी नापास का? तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "नाही. दोन्ही सारखं दिसायला लागलं की आम्ही थांबतो. तिथे नंबर सापडलेला असतो." काय सापडलंय आता आपल्याला? दोन्ही सारखं ऐकू येतंय आणि डोक्यात नुसता गोंधळ. त्याने साऊंडवाल्याला सांगितलं, "माझ्या हसण्याच्या पुढचं लाव. कापलेलं असेल ते."

कापलेलं जपून ठेवलेलं होतं. आधी त्याचं हसू आलं, लांबलचक, दाराच्या मुठीचा खडखडाट, "वा. पुन्हा एकदा. अगदी असंच." मग थोडा वेळ नुसती खोली ऐकू येत राहिली, कोटांची, लोकरीची शांतता. मग ती म्हणाली, "असंच म्हणजे कसं?" "आत्ता म्हणालीस तसं," तो. पुन्हा शांतता. "बरं," ती म्हणाली. आणि मग दुसरं, स्वच्छ, निर्दोष वाक्य. हे 'बरं' त्याला अजिबात आठवत नव्हतं. त्याने ते पुन्हा लावायला सांगितलं. बरं. पुन्हा. बरं. साऊंडवाला बोटाने टिचकी मारत होता आणि आपल्या मालकाला काय झालंय याचा अंदाज घेत होता. इतका छोटा शब्द, त्याच्यात ती रागावलेली नव्हती, रुसलेली नव्हती, हसतही नव्हती. वर्षानुवर्षं बायकोचा आवाज ऐकलेला माणूस एका दोन अक्षरी शब्दापुढे हात टेकून बसला. "सर, टाकायचंय का हे कुठे?" साऊंडवाल्याने विचारलं. "नाही," तो म्हणाला. "ठेवू नकोस. म्हणजे, ठेव. मला कळत नाही."

दुपारी भागीदार त्याच्या टेबलाशी आला. "बसण्याची हालचाल करायची म्हणतोयस? आत्ता?" "हो." "अरे, पण बसवून पुढे काय? तो बसला, म्हातारी समोर बसलीय. मग? विनोद काय आहे?" "काही नाही. नुसतं बसायचं थोडा वेळ." "किती?" "खेळणाऱ्याला हवा तेवढा." त्याला वाटलं, आता चिडेल. पण भागीदार त्याच्या टेबलाच्या कडेला टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, "घरी सगळं ठीक आहे ना?" या प्रश्नाला त्याच्याकडे निदान सहा उत्तरं तयार होती, आणि सहाही उत्तम. ती एकामागून एक तोंडापर्यंत आली आणि रांगेत उभी राहिली. चौकशीची खिडकी मात्र आज बंद होती. "मला माहीत नाही," तो म्हणाला. भागीदार हसला नाही. हे इतकं अवघडल्यासारखं झालं की दोघांनी मिळून उगाच पडद्यावरच्या एका रंगाबद्दल चर्चा केली.

मग दिवस पुरता न भरताच तो घरी निघाला. उजेड अजून होता. इतक्या लवकर आपली गल्ली कशी दिसते, हे त्याला माहीतच नव्हतं. कुणीतरी गच्चीवर चादर झटकत होतं, एका खिडकीत एक माणूस नुसता उभा होता. प्रत्येक गोष्टीशी त्याचं मन सवयीने काहीतरी जोडू बघत होतं आणि मधेच सोडून देत होतं. घरी जाऊन विचारायचं, एवढं त्याने ठरवलं. ते वाक्य तू खरं म्हणाली होतीस का? पण हे विचारणार कसं? विनोदाशिवाय विचारलं तर ती घाबरेल, आणि विनोदाने विचारलं तर उत्तर विनोदातच येईल. आणि तिने हो म्हटलं तर? वर्षानुवर्षं काही लाख माणसं त्याच्या घरातल्या एका दमलेल्या बाईला हसणार होती, आणि त्यांना हसायला बोलावणारा तो. नाही म्हटलं तर? तर त्याने विश्वास ठेवला नसता. मी थांबते, असं तिने म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. हे त्याला कोपऱ्यावर वळताना अगदी सरळ, नागडं कळलं आणि त्याची त्याला भीती वाटली.

ती घरीच होती. टेबलावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि ती उभ्याने एकेक घडी घालत होती. तिच्यासमोरच्या खुर्चीवर त्याच्या वस्तू होत्या, नेहमीसारख्या: हेडफोनचा खोका, मासिकं, कुठल्याशा समारंभात मिळालेलं काचेचं मानचिन्ह. त्याने ते सगळं उचललं, कुठे ठेवावं ते न सुचून जमिनीवर ठेवलं, आणि खुर्चीवर बसला. पाय कुठे ठेवायचे, हात कुठे, काही कळेना. तिने घडी अर्धवट थांबवून त्याच्याकडे बघितलं. "काय झालं? कंपनी बुडाली का?" "नाही." "बरं वाटत नाहीये?" "बरा आहे." "मग? काय हवंय?" त्याला विचारायचा होता तो प्रश्न. पण तोंडातून निघालं ते निराळंच, न ठरवलेलं. "मला काही नको. नुसता बसलोय थोडा वेळ."

ती हसली. आधी नुसते ओठ, मग खांदे, मग हातातला शर्ट तोंडावर धरून ती हसत राहिली. त्याच्या एखाद्या फार चांगल्या जागेवर पूर्वी, भाड्याच्या खोलीत, ती अशी हसायची. डोळ्यांतून पाणी आलं. "वा," ती म्हणाली, "पुन्हा एकदा म्हण. अगदी असंच." तो बघत राहिला. तिला आठवत होतं की नव्हतं? सूड होता की नुसती गंमत? तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, डोळे पुसण्यात ते झाकलं गेलं होतं. "असंच म्हणजे कसं?" त्याने विचारलं. "आत्ता म्हणालास तसं." खोली शांत झाली. आपण विनोद करत नव्हतो, हे हिला सांगायचं तर कुठल्या शब्दांत? होते ते सगळे शब्द वापरून झालेले, त्यांच्यावर हसून झालेलं. समजावत बसायचं म्हणजे अजून एक किस्सा होणार. राग येईना. रडूही येईना. "बरं," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की काळ्या स्पंजाच्या खोलीत सकाळभर आपण काय ऐकत होतो.

मग त्याने ते वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं. पहिल्यासारखंच आलं, किंवा नाही आलं. त्याला सांगता आलं नसतं. ती आता हसत नव्हती. शर्टाची घडी पूर्ण करून तिने ती ढिगावर ठेवली आणि पेशंटच्या डोळ्यांत बघतात तसं सावकाश त्याच्याकडे बघितलं. "मी हो कळवलंय," ती म्हणाली. "दुपारीच." त्याला एक विनोद सुचला. पुरा, घडवलेला, नेमका; त्यावर ती हसलीच असती आणि दोघं या खोलीतून सुखरूप बाहेर पडले असते. त्याचे पाय आपोआप सरळ होऊ लागले, हातांनी खुर्चीची कड धरली, कारण असं काही ऐकलं की तो नेहमी काहीतरी आणायला उठत असे, पाणी, चहा, दुसरी गोष्ट. तिने टेबलाखालून आपली खुर्ची ओढली आणि ती त्याच्या समोर बसली. "लगेच उठू नकोस," ती म्हणाली. हे म्हातारीच्या आवाजात होतं की तिच्या, त्याला कळलं नाही. तो उठला नाही.